वीरपत्नीला काय मिळतं, आई-वडिलांना काय मिळतं?

५ जुलै २०२४ रोजी राष्ट्रपती भवनात कॅप्टन अंशुमन सिंह यांचं मरणोत्तर कीर्तिचक्र त्यांच्या पत्नीने आणि आईने मिळून स्वीकारलं. सिंह लष्करी डॉक्टर होते. १९ जुलै २०२३ रोजी सियाचीनमध्ये लागलेल्या आगीतून सहकाऱ्यांना बाहेर काढताना त्यांचा जीव गेला. लग्नाला जेमतेम पाच महिने झाले होते. समारंभाचा व्हिडिओ पसरला आणि लगोलग त्यांच्या पत्नीच्या फोटोखाली अश्लील शेरे पडू लागले. पुढच्या काही दिवसांत सासू-सासऱ्यांनी वाहिन्यांना मुलाखती दिल्या. सून चक्र घेऊन माहेरी गेली, आमच्या हाती काही राहिलं नाही, असं ते म्हणाले. मग सगळा देश त्या मुलीवर तुटून पडला.

दहा महिन्यांनी पुन्हा तेच घडलं, फक्त निमित्त वेगळं होतं. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात मारल्या गेलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या पत्नीने, लोकांनी मुस्लिमांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नये, आम्हाला शांतता आणि न्याय हवा, एवढंच म्हटलं. तिलाही शिव्याशाप मिळाले.

पहिला वाद पैशांचा आणि दुसरा मताचा. पैशांच्या वादात बोलणाऱ्या बहुतेकांना नियमच ठाऊक नव्हते, म्हणून आधी नियम पाहू.

निकटचा नातलग कोण ठरतो?

सैन्याच्या कागदपत्रांत ‘नेक्स्ट ऑफ किन’ म्हणजे निकटचा नातलग अशी नोंद असते. काही बरंवाईट झालं तर आधी कुणाला कळवायचं, तिरंगा कुणाच्या हाती द्यायचा, पत्रव्यवहार कुणाशी करायचा, हे त्यावरून ठरतं. भरतीच्या वेळी ही नोंद आई-वडिलांच्या नावाने होते. लग्न झालं की जोडीदाराच्या नावाने.

मात्र नोंद आपोआप बदलत नाही. जवानाने लग्नाची माहिती युनिटला द्यायची, युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’ काढतं आणि ती रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. तिथल्या सेवापुस्तकात पत्नीचं नाव, जन्मतारीख आणि लग्नाची तारीख चढली, म्हणजे सरकारच्या लेखी ती पत्नी झाली. हा आदेश निघण्याआधीच जवान गेला तर लग्न खोटं ठरत नाही, पण ते सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला, ग्रामपंचायतीचे कागद, प्रतिज्ञापत्रं असा सगळा भार दु:खात बुडालेल्या बाईवर येतो.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. निकटचा नातलग, नॉमिनी आणि वारस हे तीन वेगळे हुद्दे आहेत. नातलगाला कळवलं जातं, नॉमिनीच्या हाती रक्कम दिली जाते आणि वारसाचा मालमत्तेवर हक्क असतो. बँकखात्याचा नॉमिनी म्हणजे आपलं कुरिअर सही करून घेणारा शेजारी. पार्सल त्याच्या हाती आलं म्हणून त्याचं होत नाही. तिघांची सरमिसळ झाली की घरात भांडणं लागतात.

मृत्यू कसा झाला, त्यावर पेन्शन

‘शहीद’ हा शब्द आपण आदराने वापरतो, पण तशी सरकारी वर्गवारी नाही. कागदावर मृत्यूचे पाच गट असतात, ए ते ई. ए म्हणजे सेवेशी संबंध नसलेला मृत्यू. बी म्हणजे सेवेमुळे जडलेला किंवा वाढलेला आजार. सी म्हणजे कर्तव्यावरचा अपघात. डी म्हणजे अतिरेकी किंवा समाजकंटकांच्या हिंसेत आलेला मृत्यू. ई म्हणजे युद्ध, सीमेवरची चकमक, घुसखोरांविरुद्धची कारवाई. हा गट चौकशीनंतर नक्की होतो आणि पुढचा जवळजवळ सगळा हिशेब त्यावर बसतो.

एक आकडा धरून पाहू. जवानाचा मूळ पगार ३०,००० रुपये आणि लष्करी सेवा वेतन ५,२०० रुपये, मिळून ३५,२०० रुपये. डी किंवा ई गटात ‘लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन’ लागू होते, म्हणजे शेवटच्या वेतनाइतकी पूर्ण पेन्शन, महिन्याला ३५,२०० रुपये. बी किंवा सी गटात ‘स्पेशल फॅमिली पेन्शन’ ६० टक्के, म्हणजे २१,१२० रुपये. ए गटात साधी कुटुंब पेन्शन. सेवेत असताना मृत्यू झाल्यास पहिली १० वर्षं ५० टक्के म्हणजे १७,६०० रुपये, मग ३० टक्के म्हणजे १०,५६० रुपये. या सगळ्यावर महागाई भत्ता वेगळा मिळतो.

म्हणजे त्याच हुद्द्याच्या, त्याच पगाराच्या दोन जवानांच्या घरी दरमहा येणाऱ्या रकमेत दुपटीहून जास्त फरक पडू शकतो. गट चुकीचा लागला असं वाटलं तर अपील करता येतं, पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणात दाद मागता येते. मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. बऱ्याच कुटुंबांना हे माहीतच नसतं आणि पहिलं पत्र आलं की ती गप्प बसतात.

ही पेन्शन पत्नीला मिळते, ती तिच्या पत्नीपणाच्या नात्याने. सर्वोच्च न्यायालयाने १९८० आणि १९९१ च्या निकालांत हे स्वच्छ सांगितलं आहे. कुटुंब पेन्शन ही मृताची मालमत्ता नाही. ती मृत्युपत्राने दुसऱ्या कुणाला देता येत नाही आणि तिचे वारसांत वाटे पडत नाहीत.

पेन्शनखेरीज काय काय मिळतं?

केंद्राची एकरकमी सानुग्रह मदत सातव्या वेतन आयोगानंतर अशी आहे: कर्तव्यावरचा अपघात किंवा अतिरेकी हिंसेतला मृत्यू असेल तर २५ लाख, सीमेवरच्या चकमकीत, अतिरेक्यांविरुद्धच्या कारवाईत किंवा ठरवून दिलेल्या अतिउंच, दुर्गम चौक्यांवर कर्तव्य बजावताना ३५ लाख, आणि युद्धात शत्रूच्या कारवाईत ४५ लाख. त्याशिवाय आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडाचा विमा असतो. त्याचा हप्ता जवानाच्या पगारातून दरमहा कापला जातो, त्यामुळे ती रक्कम दान नव्हे. मग सेवेच्या वर्षांवर ठरणारी मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी) रक्कम आणि भविष्य निर्वाह निधीत साठलेले पैसे. राज्य सरकारची मदत आणखी निराळी, आणि ती प्रत्येक राज्यात वेगळी. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडून, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत चालतं.

शौर्यपदकाचा मासिक भत्ताही असतो. कीर्तिचक्राचा भत्ता १ ऑगस्ट २०१७ पासून महिन्याला ९,००० रुपये आहे. पदकापायी सून करोडपती झाली असं लिहिणाऱ्यांनी हा आकडा पाहायला हवा होता.

मग सून सगळं घेऊन गेली का?

कॅप्टन सिंह यांच्या प्रकरणात लष्करी सूत्रांच्या हवाल्याने तेव्हाच बातम्या आल्या होत्या. ग्रुप इन्शुरन्सचे १ कोटी पत्नी आणि आई-वडील यांच्यात अर्धे अर्धे वाटले गेले. उत्तर प्रदेश सरकारच्या ५० लाखांपैकी ३५ लाख पत्नीला आणि १५ लाख आई-वडिलांना मिळाले. पेन्शन मात्र पत्नीला. विम्याची विभागणी कॅप्टन सिंह यांनी हयातीत दिलेल्या नामनिर्देशनानुसार झाली होती. नवऱ्याने स्वतःच्या हाताने जे लिहून ठेवलं, ते पाळल्याबद्दल त्याच्या बायकोला लोक लुटारू म्हणत होते.

आई-वडिलांचं दु:ख खोटं होतं असं मुळीच नाही. पोटचा मुलगा गेला, त्याच्या आठवणीचं चक्र डोळ्यांसमोर नाही, याचा सल कुणालाही कळावा. त्यांची मागणी निकटच्या नातलगाचा नियम बदलावा अशी होती. तो धोरणाचा प्रश्न आहे आणि धोरणावर कडाडून वाद घालायला काहीच हरकत नाही. धोरणाचा राग एका तरुण विधवेच्या चारित्र्यावर काढला गेला, तिथे सगळं बिनसलं.

म्हाताऱ्या आई-वडिलांनी कुठे जायचं?

हा आक्षेप रास्त आहे. अपशिंगे मिलिटरीसारख्या, घराघरातून फौजेत माणूस गेलेल्या गावात विचारा. मुलाच्या मनिऑर्डरवर आख्खं घर चालायचं. तो गेला आणि पेन्शन सुनेच्या खात्यावर गेली, तर आई-वडिलांच्या चुलीचं काय?

अविवाहित जवानाच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. डी किंवा ई गटातला मृत्यू असेल तर दोन्ही पालकांना मिळून शेवटच्या वेतनाच्या ७५ टक्के आणि एकच पालक हयात असेल तर ६० टक्के पेन्शन मिळते. विवाहित जवानाच्या बाबतीत पत्नी आणि मुलं आधी येतात. जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) आणि जवानांच्या स्पेशल पेन्शनबाबत एक जुनी तरतूद मात्र आहे. विधवेने मृतावर अवलंबून असलेल्या इतर पात्र नातलगांना हातभार लावायला नकार दिला, तर सक्षम अधिकारी पेन्शनची विभागणी करू शकतात. अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडे करायचा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलात तर तो नीट लिहून घ्यायला मदत मिळते.

मालमत्तेचा हिशेब वेगळा. बँकेतली शिल्लक, जमीन, गाडी ही मृताची इस्टेट. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यात पत्नी, मुलं आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत, त्यांना सारखा वाटा मिळतो. वडील दुसऱ्या वर्गात मोडतात. पहिल्या वर्गातलं कुणीही हयात असेल तर त्यांना काही मिळत नाही. ‘आईला हक्कच नाही’ हा गावोगावी पसरलेला समज चुकीचा आहे, आणि ‘वडिलांना तर मिळणारच’ हाही. सासू-सासऱ्यांना पोसायची जबाबदारी कायद्याने सुनेवर सरसकट टाकलेली नाही. मृताच्या इस्टेटीतून जे तिच्याकडे आलं, त्यापुरती ती आहे.

पेन्शन पत्नी आणि पालकांत विभागावी असा प्रस्ताव विचाराधीन असल्याचं सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं. माझ्या मते सरसकट निम्मे-निम्मे वाटे करणं घातक ठरेल. पदरी दोन लहान मुलं असलेल्या विधवेची पेन्शन अर्धी करून, स्वतःची पेन्शन घेणाऱ्या सासऱ्याला देण्यात न्याय कसला? पालक खरोखर अवलंबून होते का, हे पाहून वाटा ठरवावा.

दुसरं लग्न केलं तर पेन्शन कशाला?

कारण ती पेन्शन नवऱ्याच्या सेवेच्या अटींचा भाग आहे, वैधव्य पाळण्याचं बक्षीस नव्हे. पूर्वी नियमच असे होते की पुनर्विवाह दिराशी केला तर भत्ता चालू, बाहेर केला तर बंद. यातून किती मुलींवर घरातल्या घरात लग्न लावून घेण्याची बळजबरी झाली असेल, याचा विचार करा. शौर्यपदकाच्या भत्त्यासाठीची दिराशी लग्नाची अट संरक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकली. पेन्शनच्या बाबतीत आता मुख्य प्रश्न मुलांचा असतो. पुनर्विवाहानंतरही ती मृताच्या मुलांना सांभाळत असेल तर तिचा हक्क शाबूत राहतो. मुलांना सोडून दिलं तर त्यांचा हिस्सा वेगळा काढला जातो.

वीरपत्नी म्हटलं की आयुष्यभर पांढऱ्या साडीत बसलेली बाई डोळ्यांसमोर आणायची खोड आपण सोडायला हवी. २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडलेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. ती त्यांची निवड. घरी राहणं, नोकरी करणं, पुन्हा संसार मांडणं, ही दुसऱ्या कुणाची निवड असेल.

अग्निवीराच्या घरचं गणित

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अग्निवीराचा सियाचीनमध्ये मृत्यू झाला, तेव्हा कुटुंबाला काहीच मिळत नाही अशी आवई उठली. लष्कराने खुलासा केला: हप्ता न भरता मिळणारा ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांची सानुग्रह मदत, सेवा निधीत त्याचे साठलेले पैसे आणि तितकाच सरकारी वाटा व्याजासह, शिवाय चार वर्षांपैकी उरलेल्या काळाचा पगार. दरमहाची कुटुंब पेन्शन मात्र नाही. एकरकमी रक्कम मोठी दिसते, पण तीस-चाळीस वर्षं दर महिन्याला येणाऱ्या पेन्शनशी ती तोलून पाहिली की फरक कळतो. टीका करायची तर या फरकावर करावी. अग्निवीर चार वर्षं अविवाहितच असावा लागतो, त्यामुळे सून विरुद्ध सासू हा वाद तिथे उद्भवत नाही.

जवानाने आजच करून ठेवायची कामं

लग्न झाल्यावर ते लगेच नोंदवून दाखला घ्या आणि पार्ट टू ऑर्डर निघाली की तिची प्रत घरी ठेवा. सर्वाधिक घोटाळा नावांचा होतो. सेवापुस्तकात ‘सुनीता बाळू’, आधारवर ‘सुनिता बाळासाहेब’ आणि बँकेत माहेरचं आडनाव, एवढ्यावर पेन्शनचा आदेश महिनोन्‌महिने अडकतो. लग्नानंतर पत्नीचं नाव बदलायचंच असेल तर आधार, पॅन, बँक आणि सेवापुस्तक, चारही ठिकाणी एकाच वर्षात बदला.

मग नामनिर्देशनं. ग्रुप इन्शुरन्स, भविष्य निर्वाह निधी, उपदान, पगाराचं खातं या प्रत्येकाचा फॉर्म वेगळा असतो. एक बदलला म्हणून बाकीचे बदलत नाहीत. लग्नाआधी आईच्या नावाने भरलेले फॉर्म दहा-दहा वर्षं तसेच पडून असतात आणि पुढे त्यावरून सासू-सून कोर्टात जातात. विम्यात टक्केवारी लिहून वाटणी करता येते. आई-वडिलांना किती, पत्नीला किती, हे स्वतः लिहा आणि सुट्टीवर आल्यावर दोघांना समोर बसवून सांगा. इस्टेटीसाठी दोन साक्षीदारांच्या सहीचं साधं मृत्युपत्र पुरतं, नोंदणी सक्तीची नाही. पत्नीसोबत संयुक्त खातं उघडा, म्हणजे पहिल्या महिन्याचा खर्च अडत नाही.

मतं मांडली तर टीका सोसायला नको का?

मताला विरोध जरूर करावा. आपल्या माणसाला गमावलं म्हणून कुणाचं म्हणणं आपोआप खरं ठरत नाही. पाकिस्तानशी बोलणी करावीत की नाही, सूड हवा की संयम, यावर वीरपित्याचं मत चुकू शकतं आणि वीरकन्येचंही. तुमचा मुद्दा मला पटत नाही, त्याची कारणं ही, असं म्हणण्यात अनादर नाही.

पण प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. १९९९ मध्ये कुपवाड्यात राष्ट्रीय रायफल्सच्या छावणीवर झालेल्या हल्ल्यात कॅप्टन मनदीप सिंग मारले गेले. त्यांच्या मुलीने २०१६ मध्ये हातात पाट्या धरून व्हिडिओ केला. माझ्या वडिलांना पाकिस्तानने मारलं नाही, युद्धाने मारलं, अशा अर्थाची एक पाटी त्यात होती. या वाक्याशी वाद घालता येतो. दहशतवादी हल्ल्यामागे ठरवून काम करणारी माणसं आणि यंत्रणा असतात, ‘युद्ध’ म्हटल्याने त्यांची जबाबदारी पुसट होते, असं म्हणता येतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्या पाटीचा फोटो पसरला तेव्हा तिला बलात्काराच्या धमक्या आल्या, आणि वडील कारगिलमध्ये मेले नव्हते म्हणून ते ‘खरे’ शहीद नाहीत असं लोक लिहू लागले. तिच्या मुद्द्याला कुणी हातही लावला नाही, आणि एका अधिकाऱ्याचं बलिदान मोजायला बसलेल्यांनी स्वतःला देशभक्त म्हणवून घेतलं.

पहलगामनंतरही हेच. काश्मिरींना त्रास देऊ नका, हे त्या अधिकाऱ्याच्या पत्नीचं म्हणणं खोडायचं तर त्रास दिल्याने दहशतवाद कमी होतो हे दाखवावं लागेल. ते अवघड, म्हणून लोकांनी तिचं कॉलेज, तिचे मित्र, तिचं चारित्र्य उकरलं. राष्ट्रीय महिला आयोगाला मे २०२५ मध्ये जाहीर निषेध करावा लागला.

‘ती स्वतःच माध्यमांसमोर आली’ असंही ऐकवलं जातं. माध्यमांसमोर आलेलं तिचं मत सार्वजनिक झालं. तिचं शरीर, लग्न आणि पैसे सार्वजनिक झाले नाहीत.

हल्ला झालाच तर

पहिल्या तासात उत्तर देऊ नका आणि काही डिलीटही करू नका. पुरावा गोळा करण्याचं काम कुटुंबातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या, रोज ते शेरे वाचणं विधवेच्या नशिबी नको. स्क्रीनशॉटमध्ये खात्याचं नाव, तारीख, वेळ आणि पोस्टची पूर्ण लिंक आली पाहिजे. लिंक नसेल तर खातेदार नाव बदलून नामानिराळा होतो आणि पोलिसांना त्याचा माग काढणं कठीण जातं. शक्य असेल तर खात्याच्या पानापासून पोस्टपर्यंत जाताना स्क्रीन रेकॉर्डिंग करा. ज्या फोनवर हे टिपलं तो बदलू नका, विकू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात त्या उपकरणाचा तपशील असतो.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा कुठल्याही पोलीस ठाण्यात करता येते. आमच्या हद्दीत येत नाही, हे कारण आता चालत नाही. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. कॅप्टन सिंह यांच्या पत्नीबाबत महिला आयोगाने दिल्ली पोलिसांना पत्र लिहिलं तेव्हा भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ पुढे केलं होतं. पहिलं स्त्रीच्या विनयाचा अवमान करणाऱ्या शब्दांसाठी, दुसरं अश्लील मजकूर पसरवण्यासाठी, आणि दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धमकी असेल तर कलम ३५१ जोडायला सांगा. गेलेल्या जवानाचीच बदनामी केली असेल तर कलम ३५६ पाहावं. कुटुंबाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृत व्यक्तीवर केलेले आरोपही त्यात बदनामी ठरतात. तक्रारीची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याकडे आणि एक जवानाच्या युनिटकडे द्या. युनिटमधून फोन गेला की ठाण्यातली फाइल लवकर हलते.